धनीबाईचं न रडणं

राखीच्या लग्नात धनीबाई रडली नाही, आणि तांड्याने ते फार मनाला लावून घेतलं.

बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघताना गाऊन रडते. एकेकाच्या गळ्यात पडायचं, त्याने आपल्यासाठी काय काय केलं ते सुरात आठवायचं, आणि समोरच्यानेही तसंच गाऊन उत्तर द्यायचं. त्याला ढावलो म्हणतात. तो शिकावा लागतो. महागाव तालुक्यातल्या त्या तांड्यात ढावलो शिकवणारी बाई एकच, धनीबाई. तांड्याचे नायक हिरासिंग राठोड यांची बायको. लग्नाच्या पंधरा दिवस आधीपासून पोरी तिच्या ओट्यावर जमत. "अवं, आत्ताच एवढा हुंदका कायले? दम राखून ठेव. तुहा भाऊ उभा राह्यचा हाय अजून!" असं ती ओरडायची आणि पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. ऐन वेळी मात्र त्याच पोरी अशा रडत की बँडवाले वाजवायचे थांबत.

त्यात राखी तर तिच्या दिराची लेक. आई गेली तेव्हा तीन वर्षांची होती, धनीबाईनेच वाढवली. त्यामुळे मे महिन्याच्या त्या दुपारी राखी काकीपर्यंत पोचली तेव्हा सगळा मांडव कान देऊन उभा होता. राखीने गळ्यात हात टाकून सूर धरला. धनीबाईचे हात तसेच खाली लोंबत राहिले. डोळे कोरडे, तोंडातून शब्द नाही. राखी गात राहिली, मग तिचाही आवाज बसत गेला आणि कुणीतरी तिला धरून पुढे नेलं.

"माजली धनी."

"आहेरात काही कमी पडलं असन."

"पोटची असती तं रडली असती."

हे शेवटचं राखीनेही ऐकलं.

धनीबाईच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन शीला उभी होती. मेच्या उन्हात नवरी चक्कर येऊन पडू नये हे बघायचं काम आरोग्य खात्याच्या आशाताईचं, म्हणजे शीलाचं, असं तांड्याने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. तिने तांब्या धनीबाईच्या हातात दिला. धनीबाईने तो धरला, पण ओठाला लावला नाही. बऱ्याच वेळाने, जवळच्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शीला, मले काहीच नाही होऊन राह्यलं वं. दुख्खबी नाही."

भर उन्हात शीलाच्या अंगावर काटा आला.

शीला चव्हाण ही कळंबकडच्या तांड्यातून लग्न होऊन आलेली, बारावी पास. आशा म्हणून काम करायला लागली त्याला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला म्हाताऱ्या तिला 'गोळीबाई' म्हणून चिडवायच्या. ती दिसली की पोरं झाडावर चढायची. आता त्याच म्हाताऱ्या रस्त्यात हात पुढे करून नाडी पाहायला सांगतात, जशी काही ती सिव्हिल सर्जनच. तिची नजरच तशी. गरोदर बाईच्या पावलावर चपलेचा पट्टा रुतलेला दिसला की त्याच दिवशी तिचं बीपी बघणार. बाळाला खोकला झाला की पदराआडून घड्याळ काढून मिनिटभर त्याचे श्वास मोजणार, आणि आकडा वाढलेला असला तर बापाची झोप, सासूची कुरकुर काही न ऐकता त्याला दवाखान्यात पोचवणार. तिच्या रजिस्टरमध्ये छापील रकाने आहेत. रकान्यात न बसणारं ती मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते. लग्नाच्या रात्री तिने तिथे एकच ओळ लिहिली: 'धनीकाकी. दुःखपण होत नाही म्हणते.'

तांड्यात दुःखाला आवाज असतो. कुणी गेलं, कुणी निघालं, तर बाया सुरात रडतात आणि सगळ्यांना कळतं. जिचा आवाज नाही तिला दुःख नाही, हा हिशेब इतका जुना होता की शीलासुद्धा त्यातच वाढली होती. धनीबाईचं कोरडं राहणं रागाचं असेल, मानपानाचं असेल, असंच कुणालाही वाटलं असतं. पण रागावलेल्या माणसाचे हात असे लोंबत नाहीत, एवढं शीलाला कळत होतं.

दोन-तीन दिवसांनी ती दुपारच्याला त्यांच्या घरी गेली. मनाच्या आजारासाठी आशांना दिलेल्या फॉर्मवरचे प्रश्न विचारले.

"काकी, उदास वाटते का?"

"नाही."

"रडावं वाटते?"

"नाही वं."

फॉर्मवर शून्य आलं. शीलाने कागद घडी करून पिशवीत घातला; तिचं समाधान झालं नव्हतं.

धनीबाईचा मुलगा लखन बाहेर बाजेवर मोबाइल पाहत बसला होता. ऑटो चालवतो तो. म्हणाला, "वहिनी, तुम्ही कायले डोकं लावता? पाच महिन्यांत तीन डाव नेलं मी डॉक्टरकडं. बीपी बरोबर, शुगर बरोबर. ताकदीच्या गोळ्या देल्या, सलाईन लावली. खरं सांगू? नाटक हाय. सकाळी कामाच्या वेळेले पडून राह्यते, अन् संध्याकाळी टीव्ही लागला का उठून बसते. कामाले आजारी, सिरियलले बरी!"

"डॉक्टरकडं कधी नेलं होतं तू?"

"कधी म्हणजे? संध्याकाळी. दिवसभर माह्या ऑटोले सवाऱ्या असतात ना."

"तिन्ही डाव संध्याकाळीच?"

"हो."

शीला उठता उठता पुन्हा खाली बसली. लखन आईची तक्रार सांगत होता, पण त्या तक्रारीत काहीतरी होतं. नाटक करणारा माणूस नाटकाची वेळ बदलतो. पाहुणे आले तर करतो, एकटा असला तर सोडतो. घड्याळ लावल्यासारखं रोज सकाळी वाईट आणि रोज संध्याकाळी बरं, असं नाटक पाच महिने कोण करेल?

जुलैत राखीचा फोन आला. नर्सिंगला नंबर लागला होता, आणि सासरच्यांनी हो म्हटलं होतं. हेच पोरीच्या लहानपणापासून धनीबाईचं स्वप्न. फोन स्पीकरवर होता, शीला तिथेच होती. हिरासिंग नायकांनी डोळे पुसले. धनीबाई म्हणाली, "बरं झालं," आणि भिंतीकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

त्या दिवशी शीलाने ठरवलं की हे सकाळीच पाहायचं. फार सकाळी.

ऑगस्टमध्ये, पहाटे पाचला, हातात टॉर्च घेऊन ती पहिल्यांदा गेली. नवरा देवसिंग अंथरुणातूनच म्हणाला, "एवढ्या पहाटे कोणाचं लसीकरण करतं तू?" धनीबाई ओट्यावर बसलेली होती. शेजारी कालच्या रात्रीचं ताट, भाकरीचा एक कोपरा तुटलेला. शीलाने चूल पेटवून चहा केला, कप समोर ठेवला. चहावर साय धरली तरी हात पुढे आला नाही.

"काकी, कधीपासून जागी हाय?"

उत्तर नाही. शीला पुन्हा विचारणार होती, पण थांबली. तिने सवयीने घड्याळ काढलं. बाळाचे श्वास मोजते तशी ती धनीबाईची शांतता मोजायला लागली. काटा फिरत गेला. चाळीस सेकंदांनी उत्तर आलं, जसं काही खोल विहिरीतून ओढून काढलं होतं.

"तीन."

असं ती बारा सकाळी गेली. मधे एकदा पाऊस, एकदा तापाचं पोर, तरी गेली. कधी दुपारी, कधी संध्याकाळीही डोकावली, आणि रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहीत गेली. रोज तीन-साडेतीनला जाग, पुन्हा झोप नाही. पाचला उत्तराला चाळीस सेकंद, अकराला पंधरा, संध्याकाळी सहाला पाच. केस विंचरायला घेतलेला कंगवा हातातच, अर्धा तास. दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या, ज्या पूर्वी मांसात घट्ट बसायच्या, त्या आता कोपरापर्यंत घसरत होत्या. शीलाने काटा आणून वजन केलं: चव्वेचाळीस. जानेवारीच्या तपासणीत तिच्याच अक्षरात त्रेपन्न लिहिलेलं होतं.

सातव्या दिवशी धनीबाई आपणहून बोलली. "राखी पाच वर्साची होती. एक डाव तिले उपाशी झोपवली मी. रागात. तिची माय वरून पाहत होती. म्हणून हे सारं."

"काकी, तेराचौदा वर्सं झाली. राखीले याद बी नसन."

"मले हाय." पुढचं फार सावकाश आलं. "माह्यामुळंच सगळं बिघडलं."

एका चुकलेल्या जेवणासाठी एवढी मोठी शिक्षा ही बाई स्वतःला देत होती. शीलाने तिचा हात हातात घेतला आणि प्रशिक्षणात सांगितलेला, पण अजून कधी कुणाला न विचारलेला प्रश्न विचारला. "काकी, जीव नकोसा वाटते का?"

"वाटते."

ह्या उत्तराला वेळ लागला नाही.

शीला तिथून हलली नाही. लखनला हाक मारून उठवलं. घरातलं फवारणीचं औषध, होतं तेवढं सगळं, तिच्या देखत घराबाहेर काढायला लावलं आणि देवसिंगला बोलावून त्याच्या हाती दिलं. लखनला म्हणाली, "आजपासून याडीले एकटं सोडायचं नाही. हागायले गेली तरी कोणीतरी दारात पाह्यजे. समजलं?" याडी म्हणजे आई. लखनचा चेहरा पांढरा पडला होता. नाटक हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही.

आता राहिले नायक. मनोविकाराच्या डॉक्टर दर बुधवारी तालुक्याच्या पलीकडच्या सरकारी दवाखान्यात येत. न्यायचं तर तिथे, आणि नायकांच्या शब्दाशिवाय धनीबाई तांड्याबाहेर जाणार नव्हती. शीला तांड्याची सून. सुना नायकासमोर डोईवरचा पदर पुढे ओढून, तोंड जरा बाजूला करून, दोन शब्दांत बोलतात. शीलाने पदर घेतला, पण तोंड समोरच ठेवलं.

"काका, काकीले मनाचा आजार हाय. बुधवारी दवाखान्यात न्या."

हिरासिंग उठूनच उभे राहिले. "मनाचा? म्हणजे नायकाच्या घरात वेडी? काहून, तुले डॉक्टर केलं का सरकारनं? काल रात्री मी तिच्यासंग जेवलो. बोलली माह्यासंग. पिकाचं विचारलं."

"रात्री बोलते काका, हे मले माहीत हाय. सकाळी तुम्ही पाह्यलं का तिले?"

रानडुकरं सोयाबीन उकरतात म्हणून हिरासिंग पेरणीपासून रोज रात्री शेतात जागलीला जायचे, मचाणावर. परत यायचे आठ-नऊला, आल्यावर झोपायचे. त्याआधी उन्हाळभर लग्नाची धावपळ. बायकोची पहाट कित्येक महिन्यांत त्यांनी पाहिलीच नव्हती. मुलगा सातपर्यंत झोपलेला, नवरा मचाणावर, डॉक्टर संध्याकाळचे. ज्या वेळी दुखणं घरात बसलेलं असायचं त्या वेळी बघायला कुणीच नसायचं.

"एक काम करा," शीला म्हणाली. "उद्या जागलीले लखनले पाठवा. तुम्ही पाचले फक्त तिच्याजवळ बसा. काही बोलू नका, समजावू नका. बसा अन् पाहा. त्याच्यावर बी तुम्हाले वाटलं का शीला खोटी हाय, तं मी पुन्हा ह्या दारात नाही येणार."

दुसऱ्या दिवशी शीला मुद्दाम गेली नाही. आपल्या अंगणात झाडत राहिली. झाडून झालेलं पुन्हा झाडलं. साडेसहाला हिरासिंग आले, चप्पल न घालता. तांड्यात कुणी नायकांना अनवाणी पाहिलं नव्हतं.

"तिनं मले ओळखलं," ते म्हणाले, "पण जशी काही मी फार दूर उभा हाय. शीला, ही किती दिवसांची अशी बसून राह्यली अन् मी डुकरं हाकलून राह्यलो." मग पागोटं नीट करून म्हणाले, "बुधवारी किती वाजता निघायचं?"

"साडेसहा. बरी दिसायच्या आधी पोचलं पाह्यजे."

लखनने ऑटो अशी पळवली की खड्ड्याखड्ड्याला शीला देवाचं नाव घेत होती. तरी रांगेत नंबर लागला साडेअकराला. शीला सारखी धनीबाईकडे पाहत होती. अकरानंतर तिची मान जरा वर झाली, समोरच्या बाईच्या लेकराकडे तिने एकदा पाहिलं. एरवी हे पाहून शीलाला आनंद झाला असता. आज तिने पिशवीतलं रजिस्टर चाचपून पाहिलं. आत गेल्यावर ही 'बरी हाय' म्हणेल आणि पुन्हा ताकदीच्या गोळ्या हातात पडतील.

डॉक्टर निकिता ढोले वयाने लहान दिसत होत्या. "काय होतंय आजी?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय," धनीबाई म्हणाली.

शीलाने रजिस्टर उलटं उघडून टेबलावर ठेवलं. "मॅडम, ही आत्ताची काकी हाय. सकाळची काकी इथं लिहिली हाय."

डॉक्टरांनी वाचायला घेतलं. एक पान, दुसरं पान. दारातल्या माणसाला त्यांनी हातानेच थांबवलं. पहिल्या पानावर मागे गेल्या, पुन्हा वाचलं. "हे सेकंद कसे मोजले?"

"बाळाचे श्वास मोजतो ना जी, तसे."

"कुणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

मग त्यांनी धनीबाईला स्वतः कितीतरी प्रश्न विचारले, आणि उत्तराची वाट पाहिली. हिरासिंगना विचारलं, "कधी याच्या उलटं झालं होतं का? झोप नाही तरी दिवसचे दिवस अंगात जोर, बोलणं थांबत नाही, असं?" नायक विचार करून म्हणाले, "बोलणं तं तिचं कधीच थांबत नव्हतं मॅडम, पण थे तिच्या स्वभावाचं. झोपायची चांगली." डॉक्टरांनी थायरॉइड आणि रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, कधी कधी तेही कारण असतं, म्हणाल्या.

"उदासी सगळ्यांना येते," त्या हिरासिंगना सांगू लागल्या, पण बोलताना शीलाकडे पाहत होत्या. "लेक सासरी गेली की येते, पीक गेलं की येते. पण त्या उदासीत चांगली बातमी आली तर माणूस थोडा तरी हलतो. ह्यांना बातमी पोचतच नाही. पहाटे जाग, सकाळी सगळ्यात जड आणि दिवस चढेल तसं हलकं, हालचाल मंद, भूक आणि वजन गेलेलं, नसलेल्या पापाचं ओझं. रडूही येत नाही, कारण रडायलासुद्धा आतून काहीतरी हलावं लागतं. हा डिप्रेशनचाच एक प्रकार आहे, मेलँकोलिक म्हणतात. हे वेड नाही आणि नाटक तर नाहीच. औषधाने बरं होतं. पण जिवाचं त्या बोलल्या आहेत, वजनही फार उतरलंय, म्हणून काही दिवस यवतमाळला भरती करू."

हिरासिंगनी हात जोडले. "करा जी."

"आणि ताई," डॉक्टर म्हणाल्या, "संध्याकाळी पाच मिनिटं भेटून मलाही हे ओळखणं जड गेलं असतं."

शीलाने रजिस्टर उचललं, पिशवीत घातलं, आणि बाहेर येऊन नळावर खूप वेळ तोंड धुतलं.

औषधाला वेळ लागला. पहिले दहा-बारा दिवस काहीच फरक नाही, तेव्हा तांड्यात "पाहा, सांगितलं होतं" असं म्हणणारेही निघाले. राखी वॉर्डात येऊन राहिली. काकी मांडवात का रडली नाही ते शीलाने तिला सविस्तर सांगितलं होतं, राखीने त्यावर एवढंच विचारलं, "म्हणजे तवाबी ती आजारीच होती?" आणि काकीची उशी नीट केली. तिसऱ्या आठवड्यात शीला भेटायला गेली तर धनीबाई दवाखान्याच्या ताटाकडे पाहून राखीला म्हणत होती, "हे वरण हाय का भांडे धुतलेलं पाणी? हिंगबी नाही टाकत मेले." नर्सबाई रागावल्या. शीला मात्र दारातच उभी राहून हसत सुटली.

तांड्यात परतल्यावर हिरासिंगनी पंचांसमोर, सगळ्या बायामाणसांना बोलावून, काय आजार होता ते नावासकट सांगितलं. "माह्या बायकोले माजली म्हणणारे इथं बसले हायत. मीबी त्यातलाच," म्हणाले. "शीलाच्या डोळ्याले दिसलं थे नायकाच्या डोळ्याले नाही दिसलं." त्यानंतर पंधरा दिवसांत दोन बाया शीलाकडे आल्या. एक आपल्या जावेसाठी, एक, बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर, स्वतःसाठी.

हिवाळ्यात महागावला आशांचं प्रशिक्षण होतं. चाळीस बाया. तालुक्याच्या साहेबांनी शीलाला उभं केलं. ती तिच्या पद्धतीने बोलली. पहाटे जा, उत्तराची घाई करू नका, 'उदास वाटते का' एवढ्यावर थांबू नका, घरचे कशाला कंटाळले आहेत ते नीट ऐका. मागच्या रांगेतल्या एकीने हात वर केला. "ताई, पाचले दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचं? लोकं हाकलून देतीन ना!"

शीलाने तोंड उघडायच्या आत, पाहुण्यांच्या खुर्चीवरून एक बाई उठली. आरशांची लाल ओढणी, दंडभर बांगड्या.

"मी धनीबाई. मले विचार," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मले बी वाटलं, ही कोण अवदसा अंधारात येऊन बसली. बोलायले जीभ उचलत नव्हती, नाहीतं हाकललंच असतं." सगळ्या हसल्या. धनीबाई थांबली, शीलाकडे वळली. "पण दुसऱ्या दिवसापासून मी तीनले उठून एकच काम करत होती वं. पाच कधी वाजतीन, ते पाहत होती."

हे तिने शीलाला कधी सांगितलं नव्हतं.